लेव्हल कोणाची वाढवायची आणि कुठे थांबायचं

(विलेपार्ल्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रांनो, ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ खेळणारी एवढी मंडळी एकत्र पाहून फार बरं वाटतंय. सरळ मुद्द्यावर येतो. २०२० साली आलेल्या या गेममध्ये जपून वापरायची गोष्ट एकच, रेझिन, म्हणजे बक्षिसं उचलण्यासाठी खर्चावी लागणारी ऊर्जा. ते दर आठ मिनिटांनी एक भरतं, म्हणजे दिवसाला १८०. साठवणीची मर्यादा सुरुवातीला १२० होती, मग १६० झाली आणि २०२४ पासून २०० आहे. चाळीतल्या पाण्याच्या पिंपासारखंच हे. काठोकाठ भरलं की नळ चालू राहूनही उपयोग नाही. म्हणून निदान दिवसातून एकदा ते खर्च झालंच पाहिजे, मग भले बोरिवली लोकलमध्ये बसून मोबाइलवर का होईना.

आता ते खर्च कुठे करायचं? आपली मुलं करतात काय, तर आवडता हिरो थेट ९० वर नेतात आणि बाकीचे तिघे ४०–५० वर ताटकळत राहतात. मला हे अजिबात पटत नाही. टीम चौघांची असते.

हिशेबच करू. लेव्हल १ पासून ८० पर्यंत साधारण ४९ लाख अनुभव-गुण लागतात. ८० ते ९० या दहा पायऱ्यांना एकट्यांना ३४ लाख, आणि वर पावणेसात लाखांहून जास्त मोरा, म्हणजे गेममधलं चलन. अनुभव देणारी ‘हीरोज विट’ची पुस्तकं मोजायची तर सुमारे १७१. वरच्या वर्ल्ड लेव्हलला, म्हणजे जग जास्त कठीण झाल्यावर, एका ले लाइनच्या लढाईतून सव्वा लाखाच्या आसपास अनुभव मिळतो आणि तिला २० रेझिन लागतं. म्हणजे त्या दहा पायऱ्यांसाठी तीन दिवसांचं रेझिन गेलं! म्हणून बहुतेकांना ८० वर न्या, तिथलं शेवटचं असेन्शन, म्हणजे लेव्हलची मर्यादा उघडणारी बढती, करा आणि थांबा. उरलेलं रेझिन टॅलेंट (पात्राची कौशल्यं) आणि आर्टिफॅक्ट (ताकद वाढवणारे अंगावरचे ऐवज) यांच्याकडे वळवा.

अपवाद आहेत, आणि ते नीट समजून घ्या. हायपरब्लूम, स्वर्ल यांसारख्या, घटकशक्ती एकमेकींवर आदळून होणाऱ्या रिअ‍ॅक्शनचं नुकसान ती घडवणाऱ्या पात्राच्या लेव्हलवर आणि एलिमेंटल मास्टरीवर (रिअ‍ॅक्शनची ताकद वाढवणारा गुण) ठरतं, त्याच्या अटॅकवर नाही. ८० वरून ९० वर गेलं की त्या हिशेबातला लेव्हलचा मूळ आकडा सुमारे ३४ टक्क्यांनी वाढतो. हायपरब्लूमसाठी कुकी शिनोबू हे पात्र खेळवत असाल, तर तिला बिनधास्त ९० वर न्या. तिथे ते तीन दिवस वसूल होतात.

मघाशी एकीनं बेनेट या साथीदार पात्राबद्दल विचारलं. माझा फार लाडका मुलगा तो! त्याच्या बर्स्टमधून, म्हणजे खास मोठ्या हल्ल्यातून, इतरांना मिळणारा अटॅक त्याच्या बेस अटॅकवर अवलंबून असतो. बेस अटॅक येतो तो लेव्हल आणि शस्त्र या दोहोंतूनच. त्याला अटॅकचे कितीही आर्टिफॅक्ट चढवा, मित्रांना मिळणारा बोनस तसूभर वाढणार नाही. बरं होण्याचा आकडा मात्र त्याच्या एचपीवर, म्हणजे जीवनशक्तीवर, चालतो. तेव्हा त्याला हातात चांगली तलवार द्या, लेव्हल वाढवा आणि आर्टिफॅक्टमध्ये एनर्जी रिचार्ज (बर्स्ट लवकर भरवणारा गुण) व एचपी बघा. तो मागे राहिला तर तुमचा ९० चा हिरोही लुळा पडतो.

आर्टिफॅक्टचे डोमेन, म्हणजे ते मिळवायच्या लढायांच्या जागा, अ‍ॅडव्हेंचर रँक (खेळाडूची एकूण पातळी) ४५ च्या आधी घासू नका. तिथून पुढे पाचतारा आर्टिफॅक्ट खात्रीने मिळतो. फ्रॅजाइल रेझिन, म्हणजे हवं तेव्हा वापरता येणारं साठवणीचं रेझिन, तेही तोवर राखून ठेवा.

राहिले आठवड्याचे बॉस. सहाच्या पुढे टॅलेंट न्यायचं तर त्यांच्याकडचं साहित्य लागतंच. आठवड्यातले पहिले तीन प्रत्येकी ३० रेझिनमध्ये होतात, पुढच्यांना दुप्पट. आशिया सर्व्हरचा आठवडा आपल्याकडे रविवारी रात्री दीड वाजता पालटतो. तिन्ही झाले नसतील, तर रविवारी जेवणं उरकल्यावर बसून घ्या.