नाव बदलतं, सारा नाही

आयरिश समुद्रातलं आयल ऑफ मॅन हे बेट. उत्तरेला रॅमसे गाव, आणि गावाजवळच मिल्नटाउनचा हा वाडा. कित्येक पिढ्या इथे ख्रिश्चन घराणं नांदलं. ख्रिश्चन इथे धर्म नव्हे, आडनाव. 'बाउंटी' जहाजावर बंड करणारा फ्लेचर ख्रिश्चन याच घराण्यातला.

या घराण्याची जमीन कागदोपत्री शोधायला बसलं, की पहिली अडचण त्या आडनावाचीच. १४०८ मध्ये न्यायाधीश असलेला जॉन सापडतो, पण 'मॅकक्रिस्टन' म्हणून. पुढे 'मॅक' गळून पडला. कारकुनाला जसं ऐकू आलं, तसं त्याने लिहिलं. नुसत्या नावामागे धावलात तर दोन पिढ्यांत वाट चुकाल.

म्हणून जमिनीचा माग काढायचा. बेटाचे सहा मोठे विभाग म्हणजे शीडिंग, त्यांत पॅरिश, पॅरिशमध्ये जमिनीचे छोटे गट म्हणजे ट्रीन. ट्रीनचे साधारण चार वाटे, त्यातला एक म्हणजे क्वार्टरलँड. डोंगराकडची पडीक जमीन कुणी कुंपण घालून कसली, तर ती 'इंटॅक' म्हणून वेगळी लागायची.

बेटाचे धनी स्टॅन्ली घराण्यातले. इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीने १४०६ मध्ये बेट त्यांना वंशपरंपरेने दिलं. मोबदला काय, तर नव्या राजाच्या राज्याभिषेकाला दोन ससाणे! कुळांकडून मात्र रोख सारा. त्याच्या हाती राहिलेल्या सगळ्यात जुन्या वह्या दक्षिण भागाच्या १५११ च्या आणि उत्तरेच्या १५१५ च्या.

(पडद्यावर: सारावहीचं पान)

सगळा मजकूर लॅटिनमध्ये. ट्रीनचं नाव, कुळांची नावं, शिलिंग, पेन्स. यातला आकडा तेवढा लक्षात ठेवा. शंभर वर्षांनंतरच्या वहीत कूळ बदललेलं असेल, स्पेलिंग तर नक्कीच. पण सारा बहुतेक वेळा एका पेनीनेही हललेला नसतो. तो जुळला, की शेत सापडलं.

मधल्या वर्षांसाठी दुसरी वही आहे, लिबर व्हास्टारम. नाव ओसाड जमिनींचं, पण आतला मजकूर थेट आपल्या फेरफारासारखा: कुणाची जमीन सुटली, कुणाच्या नावे चढली, नजराणा किती भरला.

व्यवहार मात्र कागदाने होत नव्हता. न्यायसभेत सगळ्यांसमोर देणाऱ्याने घेणाऱ्याच्या हाती गवताची एक काडी द्यायची. काडी दिली, जमीन दिली. कुळं म्हणायची, म्हणजे जमीन वारशाने आमचीच.

बेटाचे तेव्हाचे धनी, डर्बीचे सातवे अर्ल जेम्स स्टॅन्ली यांना हे मान्य नव्हतं. १६४० च्या दशकात त्यांनी काडी सोडा, तीन हयातींचा पट्टा घ्या, असा लकडा लावला. तीन माणसं मेली, की जमीन पुन्हा धन्याची. मालकाच्या बाजूने हिशोब चोख होता, आणि कुळांना तो बरोबर कळला.

१६५१ मध्ये बेटावर उठाव झाला. म्होरक्या होता ख्रिश्चन घराण्यातलाच विल्यम, लोकांच्या तोंडी इलियम धोन, तपकिरी केसांचा विल्यम. वडिलांकडून त्याला दक्षिणेत रॉनल्ड्सवेची जमीन मिळाली होती. आज तिथे बेटाचा विमानतळ आहे. जवळच हँगो हिलवर २ जानेवारी १६६३ रोजी त्याला गोळ्या घातल्या.

१७०४ च्या कायद्याने कुळांचा वारसाहक्क पक्का केला आणि सारा कायमचा बांधून दिला. इलियम धोनला जाऊन तेव्हा ४१ वर्षं झाली होती.