विद्यावेतन मिळालं, पुढं काय?

नमस्कार मंडळी. आपल्या कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिकायला जाणाऱ्या पोरापोरींशी आज बोलायचंय, आणि त्यांच्या मालकांशी पण.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 ला आली, बारावीवाल्याला महिन्याला 6 हजार, आयटीआय-डिप्लोमाला 8, पदवीधराला 10, पैसे सरकारचे, थेट खात्यावर, मालकाच्या खिशाला चाट नाही. मुदत आधी 6 महिने होती, 2025 ला 11 केली. चांगलंच झालं की, कारण फाउंड्रीतल्या, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओततात तिथल्या, कुठल्याबी जुन्या मिस्त्रीला विचारा, सहा महिन्यात पोरगं मोल्डिंग (साचा करणं), कोअर (आतल्या पोकळीचा साचा), फेटलिंग (ओतलेला माल साफ करणं) नुसतं बघून होतं, वाळूला पाणी किती हे हाताला कळायला कुठं लागतंय तोवर मुदत संपली. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, सेटर (मशीन लावून देणारा) होणं तर लांबच राहिलं.

पण गोम अशी आहे की ही योजना चालते जीआरवर, म्हणजे शासन निर्णयावर. जीआर मंत्रालयातनं निघतो, मंत्रालयातनंच बदलतो, विधानसभेत मतदान लागत नाही. मुदत संपलेल्यांनी कायम करा म्हणून आंदोलनं केली, पण कायम करायचं बंधन मुळात लिहिलेलंच नाही तर कुणाला धरणार?

बरं कायदा आहे तो केंद्राचा, शिकाऊ उमेदवार कायदा, 1961. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यायलाच लागतात. 2014 ला त्यात बदल झाला, मालकाला असलेली जेलची शिक्षा गेली, दंड राहिला, आणि शिकून झालेल्याला घ्यायचं की नाही याचं धोरण मालकानं स्वतःच करायचं असं आलं. आता ज्याचं त्यानं ठरवायचं म्हटल्यावर काय ठरणार, सांगा बघू!

महाराष्ट्राला योजनेचा कायदा करता येत नाही असं नाही हं. रोजगार हमी पण आधी योजनाच होती, 1977 ला कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू. पैसा कुठनं? तुमच्या पगारातनं महिन्याला 200 रुपये प्रोफेशन टॅक्स जातो ना, तो 1975 ला त्यासाठीच बसवलेला. मग प्रशिक्षणाचा असा कायदा का नको?

मालकांचं म्हणणं पण खोटं नाही. उद्यमनगरातल्या दहा माणसांच्या वर्कशॉपनं पोरगं तयार करायचं, आणि हजार-दोन हजार जास्त मिळाले की ते मोठ्या कंपनीत. म्हणून माझं मत असं की कायद्यात दोन्ही बाजू पाहिजेत, शिकलेल्यांपैकी ठराविक जण घेतलेच पाहिजेत हे मोठ्यांवर, आणि शिकवणाऱ्या छोट्याला शिकवण्याचे पैसे वेगळे. आता फक्त शिकणाऱ्याला मिळतात, शिकवणाऱ्या मिस्त्रीला काय?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर पोरांनो, जॉइन व्हायच्या दिवशीच विचारा, कुठल्या मशीनवर, कुणाच्या हाताखाली, आणि नंतर घेणार का, आणि उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या.