चुलत काका म्हणजे काका नव्हे! | लांबचा, सख्खा, चुलत

नमस्कार मंडळी! 'लांबचा'वर व्हिडिओ करा, असं तुम्ही कधीपासून सांगताय. त्यात लगीनसराई आलीये, पत्रिकांची यादी करताना "हे आपले नेमके कोण लागतात?" हा प्रश्न घरोघरी निघतोय. म्हणून आज तेच.

सोपं ते आधी उरकते. लांब म्हणजे लांबीला जास्त: लांब बाही, लांब दोरी. लांब म्हणजे अंतरावर: शाळा लांब आहे. आणि 'चा' लागून माणसाला चिकटला, की बहुतेक वेळा नातं: लांबचा भाऊ, लांबची मावशी. सख्खा भाऊ अमेरिकेत असला तर तो लांब राहतो, पण म्हणून लांबचा होत नाही. 'दूरचा'चंही तेच. झालं.

आता खरी गोम. चुलत म्हणजेच लांबचा, असं सर्रास धरलं जातं आणि तिथे माझा संताप होतो. अहो, चुलत हा शब्द चुलत्यावरून आलाय. चुलता म्हणजे वडिलांचा भाऊ. त्यामुळे चुलत ऐकलं की एकच विचारायचं: चुलता कुणाचा? माझा चुलता असेल, तर त्याचा मुलगा माझा चुलत भाऊ. वडिलांचा चुलता असेल, तर तो स्वतः माझा चुलत आजोबा आणि त्याचा मुलगा माझा चुलत काका. नवऱ्याचा चुलता असेल, तर तो माझा चुलत सासरा. चुलता कुणाचा, एवढंच!

एका ताईंची कमेंट होती: "माझे चुलत काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ." नाही हो ताई! बाबांचे भाऊ ते तुमचे काका. सख्खे काका. चुलत काका म्हणजे बाबांचे चुलत भाऊ. तुमच्या काकांची मुलं तुम्हाला चुलत, काका नव्हेत.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. जात पडताळणीच्या अर्जाला वंशावळ लागते आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकांचे कागद पुरावा म्हणून कामी येतात. आमच्या शेजारच्या मुलाकडे चुलत काकांचं वैधता प्रमाणपत्र होतं. त्यानं वंशावळीत त्यांना थेट आपल्या आजोबांच्या खाली लिहिलं, बाबांच्या शेजारी. पण काकांच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळं, चुलत आजोबांचं! दोन कागद जुळेनात, अर्ज परत. मी त्याला वहीचं पान घेऊन बसवलं. वर पणजोबा, खाली त्यांचे दोन मुलगे, एकाखाली बाबा, दुसऱ्याखाली चुलत काका. पाच मिनिटांत त्याला उमगलं.

आणि ते 'कझिन' जरा बाजूला ठेवा ना! चुलत, आते, मामे, मावस, सगळी एकाच गोणीत भरली जातात. महाराष्ट्रात कित्येक समाजांत मामेबहिणीशी लग्न रीतीनं चालतं, चुलत बहिणीशी हिंदू घरांत ते कुणी मनातही आणत नाही. नात्याच्या नावातच हे सगळं आहे. मग ते नाव टाकून का द्यायचं?

काही जण विचारतात, "सख्खा शेजारी, पक्का वैरी" या म्हणीत शेजारी सख्खा कसा? तिथे सख्खा रक्ताचा नाही, भिंतीला भिंत लागलेला. लांब अंतराकडून नात्यात आला, सख्खा नात्यातून अंतराकडे गेला. मला हे फार आवडतं!

शेवटचा प्रश्न, सगळ्यात जास्त आलेला: "सख्खी चुलत बहीण" हे कसं काय? सख्खी की चुलत? अगदी बरोबर आहे ते. सख्ख्या काकांची मुलगी ती सख्खी चुलत बहीण. चुलत काकांची मुलगी असेल, तर ती चुलत-चुलत. आणि तिला तुम्ही खुशाल लांबची म्हणा, माझी काही हरकत नाही.