मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका

श्रोतेहो, नमस्कार.

आजी तांदूळ निवडायला बसतात आणि ताट उचलून दारात, उजेडाला नेतात. आजोबांना एसटीचा बोर्ड गाडी अगदी पुढ्यात येईपर्यंत लागत नाही. संध्याकाळी समोरून मोटरसायकल आली की दिव्याचा नुसता झोत पसरतो आणि रस्ता नाहीसा होतो. घरचे म्हणतात, वय झालं. बहुतेक वेळा झालेला असतो मोतीबिंदू.

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असतं. मसुरीच्या दाण्यासारखं दोन्हीकडून फुगीर, साधारण ९ ते १० मिलिमीटर रुंद. त्यातली प्रथिनं वयानं, मधुमेहानं, स्टिरॉइडच्या दीर्घ वापरानं किंवा डोळ्याला मार लागल्यानं गढुळतात. भिंग आधी पिवळसर होतं, मग तपकिरी. हे इतकं हळू होतं की माणसाला कळत नाही. तो आपली कामं कमी करत जातो. उलट काहींचा जवळचा चष्मा या काळात सुटतो आणि सत्तरीत चष्म्याविना पेपर वाचता येतो म्हणून घरात कौतुक होतं. भिंगाचा गाभा घट्ट झाल्यानं डोळ्याला उणे नंबर आलेला असतो, त्यामुळे जवळचं दिसतं. तोही मोतीबिंदूच, आणि हे सुख थोड्या महिन्यांचं असतं.

घरातली एक जागा बघा: शहाबादी फरशीची पायरी. वरची फरशी राखाडी, खालचीही राखाडी. पायरीची कड डोळ्याला कळते ती केवळ उजेड-सावलीच्या बारीक फरकावरून, आणि मोतीबिंदू आधी हा बारीक फरकच खातो. दवाखान्यातल्या तक्त्यावर पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं असतात, ती माणूस बऱ्यापैकी वाचतो. घरी मात्र त्याच पायरीवर अडखळतो, पांढऱ्या कपात दूध ओतताना ते काठावरून सांडतं, इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा लागत नाहीत. पडून खुब्याचं हाड मोडलं, तर पुढचे कितीतरी महिने अंथरुणात जातात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना ‘कमी दिसतं’ एवढंच सांगू नका. काय काय अडतं ते कागदावर लिहून न्या. ऑपरेशन कधी करायचं, हे त्या कागदावरून ठरतं.

‘अजून पिकला नाही, थांबू’ हा सल्ला जुन्या काळचा आहे. तेव्हा मोठी चीर देऊन भिंग बाहेर काढत, आठवडाभर उताणं निजवत, आणि मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा देत. त्यातून वस्तू पाव पटीनं मोठ्या दिसायच्या. आता उलट आहे. मोतीबिंदू जितका पिकेल तितका गाभा टणक होतो. तो फोडायला जास्त शक्ती लागते आणि समोरच्या पारदर्शक पटलाच्या आतल्या पेशींना इजा होते. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. फार पिकलेला मोतीबिंदू फुगतो किंवा पाझरतो, डोळ्याचा दाब एकदम वाढतो आणि असह्य ठणका लागतो. तसा दाब फार वेळ राहिला, तर गेलेली नजर परत येत नाही. ‘उन्हाळ्यात नको, थंडीत करू’ यालाही आज आधार नाही.

आज बहुतेकांचं ऑपरेशन फेको नावाच्या पद्धतीनं होतं. चार्ल्स केलमन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६७मध्ये ही पद्धत आणली. चीर असते २.२ ते २.८ मिलिमीटरची. भिंगाच्या पिशवीला समोरून साधारण ५ मिलिमीटरचं गोल तोंड पाडतात, ध्वनिलहरींनी आतला गाभा फोडून शोषून घेतात आणि घडी घातलेलं कृत्रिम भिंग त्याच पिशवीत सोडतात. ते आत जाऊन उलगडतं. पिशवीचा मागचा पापुद्रा मध्यावर जेमतेम ४ मायक्रॉन जाड असतो, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. सर्जनचं खरं कसब तो पापुद्रा शाबूत ठेवण्यात आहे. फार टणक मोतीबिंदूला ६-७ मिलिमीटरची, पण बिनटाक्याची चीर देऊन गाभा अखंड काढतात. अनुभवी हातात हीसुद्धा उत्तम शस्त्रक्रिया आहे. शासकीय जिल्हा रुग्णालयांत मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. पैशाअभावी कुणी अंधारात बसू नये.

कृत्रिम भिंगाची गोष्ट मुद्दाम सांगते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्स या पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे घुसले. ते आत राहूनही डोळा बिथरत नाही, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी हेरलं आणि १९४९मध्ये त्याच पदार्थाचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. भारतात मदुराईच्या ऑरोलॅबनं १९९२पासून स्वस्तात भिंगं बनवायला घेतली, तेव्हा ती गरिबाच्या आवाक्यात आली.

भिंगाचा नंबर डोळ्याची लांबी आणि समोरच्या पटलाची वक्रता मोजून काढतात. लांबीत १ मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर अडीच-तीननं चुकतो. मोजणी घाईत होऊ देऊ नका. साधं भिंग एकाच अंतरावर स्वच्छ दाखवतं. बहुतेक वेळा दूरचं निवडतात, म्हणजे वाचायला चष्मा लागणारच. हे आधी कुणी सांगितलं नाही, की ऑपरेशन फसलं असं वाटतं. तुम्ही शिवणकाम करता की ट्रॅक्टर चालवता, हे मोजणीच्या वेळीच सांगा. जवळचं आणि दूरचं दोन्ही दाखवणारी भिंगं महाग असतात आणि रात्री दिव्याभोवती कडी दिसू शकतात. रात्री गाडी चालवणाऱ्यानं ती विचार करूनच घ्यावीत.

प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनची गोळी चालू असेल, तर नक्की सांगा. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो. डॉक्टरांना ठाऊक असलं, की ते तयारीनं बसतात. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. खोकला असेल, उताणं निजून दम लागत असेल, तर तेही आधी सांगा. पंधरा-वीस मिनिटं स्थिर निजायचं असतं. भूल थेंबांची किंवा डोळ्याजवळच्या इंजेक्शनची असते. तुम्ही जागे असता, पण दुखत नाही.

घरी आल्यावर पहिला दिवस डोळा पाणावतो, वाळू गेल्यासारखं खुपतं. ते चालतं. थेंब टाकताना हात साबणानं धुवा, खालची पापणी ओढून खळगा करा, एकच थेंब सोडा, बाटलीचं तोंड पापणीला टेकवू नका. दुसरं औषध पाच मिनिटांनी, नाहीतर ते पहिल्याला धुऊन काढतं. थेंब चार ते सहा आठवडे हळूहळू कमी करतात. छान दिसू लागलं म्हणून मध्येच सोडून दिले, तर आतली सूज पुन्हा उसळते. चुलीचा धूर, मळणीची धूळ आणि डोक्यावरून अंघोळ काही दिवस टाळा, डोळा चोळू नका, रात्री प्लास्टिकची जाळीदार ढाल लावून झोपा. ठणका वाढला, डोळा लाल होत चालला, आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा. आत जंतुसंसर्ग झाला, तर तासातासाला नुकसान होतं. हे क्वचित घडतं, पण उशीर महागात पडतो.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसलं, तर ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणून घाबरू नका. मागच्या पापुद्र्यावर पेशी वाढलेल्या असतात. याग लेझरनं काही मिनिटांत तिथे खिडकी करतात, चीर लागत नाही. काचबिंदूनं डोळ्याची नस किंवा मधुमेहानं डोळ्याचा मागचा पडदा खराब झाला असेल, तर ते नुकसान मात्र नवं भिंग भरून काढत नाही. म्हणून नस आणि मागचा पडदा यांची तपासणी आधी करून घ्या.

एक डोळा झाला, की एक गंमत करून पाहा. नीळ दिलेलं पांढरं धोतर दोरीवर वाळत असेल, तर हातानं डोळे आळीपाळीनं झाका. नव्या डोळ्याला ते निळसर शुभ्र दिसेल आणि जुन्याला चहात बुडवून काढल्यासारखं. पिवळ्या भिंगानं इतकी वर्षं निळा रंग अडवून ठेवला होता. पण दोन डोळ्यांत असा फरक असेपर्यंत खोलीचा अंदाज चुकतो, पेला पकडताना हात पुढे-मागे पडतो, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. म्हणून नव्या चष्म्याचा नंबर काढायला जाल, त्याच भेटीत दुसऱ्या डोळ्याचंही विचारून या.