कॉम्प्युटर नेमका कुठे अडतो?

‘कॉम्प्युटर चालूच होत नाही’ या एका तक्रारीत निरनिराळे बिघाड दडलेले असतात. पंखा फिरतो का? पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं का? विंडोजचं चिन्ह येऊन ठिपके नुसतेच फिरत राहतात का? की डेस्कटॉप दिसतो, पण पुढे काही उघडतच नाही? माझा आग्रह एवढाच, की आधी अडण्याची जागा शोधा. फॉरमॅटचं, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकण्याचं, नाव अगदी शेवटी काढायचं. त्यात घरातले फोटो आणि कागदपत्रं कायमची जाऊ शकतात, आणि बरेचदा त्याची गरजच नसते.

बटण दाबल्यावर विंडोजची पाळी बरीच उशिरा येते. त्याआधी मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट-पाटीवरचा, सुरुवातीचा छोटा प्रोग्राम (बायोस, किंवा नव्या मशीनवर यूईएफआय) रॅम म्हणजे तात्पुरती मेमरी आणि पडद्यावर चित्र आणणारं ग्राफिक्स तपासून घेतो. पंखा फिरतोय पण पडदा काळाच, म्हणजे गाडी इथेच थांबलीय. विंडोज पुन्हा टाकून काहीही साधणार नाही. मॉनिटरची केबल पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावायची, मदरबोर्डला नाही. मग वीज पूर्ण तोडून रॅम काढून पुन्हा नीट बसवा.

बूट करण्याजोगी, म्हणजे विंडोज जिथून सुरू होईल अशी, डिस्क नाही, असा संदेश आला तर पहिल्यांदा लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढा. तरीही तेच, तर बायोसमध्ये डिस्क दिसते का बघा. दिसत असेल तर विंडोजमधली स्टार्टअप रिपेअर ही दुरुस्तीची सोय वापरून पाहता येते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र मशीन पुन्हा पुन्हा चालू करू नका. दर प्रयत्नागणिक आतला डेटा वाचण्याची शक्यता कमी होत जाते.

आता एक गंमतशीर दुवा. प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणू लागली की लोक ब्राउझर काढून पुन्हा टाकतात. आधी कोपऱ्यातली तारीख वाचा. मदरबोर्डवर ३ व्होल्टचा, बहुधा सीआर२०३२ प्रकारचा, नाण्यासारखा सेल असतो. तो संपला की वीज तोडल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. साइटच्या प्रमाणपत्राला, म्हणजे तिच्या ओळखीच्या डिजिटल दाखल्याला, ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. ती घड्याळाशी जुळली नाही की ब्राउझर दार बंद करतो. तो आपलं काम चोख करतोय, म्हणून इशारा डावलून पुढे जाऊ नका. तारीख सुधारा, सेल बदला.

‘मी बंद करून चालू केला, तरी तसंच,’ हेही नेहमीचं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअपची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हरही (प्रिंटरसारखं एखादं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) तसाच परत येऊ शकतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून अशा वेळी रीस्टार्टच करायचं. डेस्कटॉप येऊनही मशीन रखडत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअपच्या यादीतले नको ते प्रोग्राम बंद करा. अँटीव्हायरसला हात लावू नका.

ब्राउझरसाठी माझी पहिली चाचणी खासगी विंडो. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी. तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, सहसा बंद असतात आणि जुन्या कुकीज, म्हणजे साइटने साठवून ठेवलेल्या नोंदी, लागू होत नाहीत. साइट तिथे नीट चालली तर दोष या दोन्हींपैकी एकात असण्याचा संभव मोठा. मग एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा. सगळी एकदम काढलीत तर गुन्हेगार कोण ते कळणारच नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ असं येत असेल तर फोन मुळीच करू नका. बरेचदा कुठल्याशा साइटला नकळत दिलेली ती नोटिफिकेशनची परवानगी असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढून टाका, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मशीनवरही ती यादी आजच तपासा.