चेहरा न दाखवता

(पहाट. कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक. निपाणीची गाडी लागतेय. चहाच्या गाड्याभोवती गर्दी.)

मानवी तस्करी म्हटलं की डोळ्यांपुढं काय येतं? साखळदंड, अंधारी खोली, गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेली मुलगी. संस्थांच्या पोस्टरवर वर्षानुवर्षं हेच चित्र आहे. या फलाटावरून एखादी मुलगी गेलीच, तर ती बांधून नेलेली नसेल. ओळखीच्या बाईबरोबर जाईल. कापड दुकानात नोकरी लागली म्हणून घरच्यांनी पेढेही वाटलेले असतील. पोस्टर पाहिलेला माणूस शेजारी उभा राहून चहा पिईल आणि त्याला काहीच खटकणार नाही, कारण साखळ्या कुठं दिसत नाहीत.

(संकलनाचं टेबल. पडद्यावर धूसर चेहरा.)

ही खुर्चीतली मुलगी आमच्याच फिल्मच्या टीममधली. तिच्यावर आम्ही एक प्रयोग करून पाहिला. सुटका झालेल्या मुलीची ओळख लपवायला करतात, तसा चेहरा धूसर केला. बहुतेक जण इथंच थांबतात. पण मनगटावरचं गोंदण दिसतंय. खिडकीतून शाळेची पाटी दिसतेय. आणि बोलणं? "मी गेलो, मी आलो" असं बोलणारी बाई म्हणजे कोल्हापूरकडची, हे कुणीही सांगेल. त्यात थोडा कानडी हेल असला की गडहिंग्लजचा भाग. मग गावात कोण मुलगी मध्येच दिसेनाशी झाली होती, एवढंच उरतं. ते पारावर पाच मिनिटांत निघतं.

कायद्यानं याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे. मुलांबाबत बाल न्याय कायद्याचं कलम ७४ नाव, पत्ता, शाळा, फोटो सगळ्यालाच मनाई करतं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की छाप्याच्या किंवा सुटकेच्या बातम्यांत देहविक्री करणाऱ्या महिलांची ओळख उघड होता कामा नये. तरीही तोंडावर ओढणी ओढून रांगेत उभ्या केलेल्या बायका टीव्हीवर दिसतातच.

(निवारागृहाचा व्हरांडा. दोरीवर वाळत घातलेले कपडे. माणूस कुणी नाही.)

"तिनं चित्रीकरणाला सही दिलीय," असं संस्था सांगतात. सही कुठं दिली? जिथं ती जेवते, झोपते, तिथंच. समोर कोण? जी ताई तिला कोर्टात नेते, तीच. अशा ताईला नाही कसं म्हणायचं? आणि आज अठराव्या वर्षी दिलेली परवानगी लग्नानंतर, सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो व्हिडिओ फिरायला लागल्यावर, तिच्या काय कामाची?

खटल्याचंही आहे. कॅमेऱ्यापुढं ती एक तारीख सांगते, साक्षीत दुसरी. घाबरलेल्या माणसाच्या आठवणी अशाच पुढंमागं होतात. आरोपीच्या वकिलाला तेवढं पुरतं. देणगीसाठी केलेली फिल्म उलटतपासणीत तिच्यावरच उलटते.

(सांगलीचा रस्ता. दुतर्फा ऊस.)

तासाभरावर सांगली. तिथल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेनं, म्हणजे देहविक्री करणाऱ्या बायकांच्याच संघटनेनं, वेगळाच हिशोब मांडला: आमच्या तारणहारांपासून आम्हाला वाचवा. स्वतःच्या मर्जीनं या धंद्यात असलेली सज्ञान बाई आणि फसवून आणलेली पोर यांना एकाच छाप्यात ओढून दोघींनाही 'सुटका झालेल्या' म्हणून मोजू नका, हे त्यांचं म्हणणं. सगळ्या संस्थांना ते पटत नाही. पण ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांना आधी विचारा, एवढ्यावर तरी वाद नसावा.

(कोर्टाचा व्हरांडा. फायलींचे गठ्ठे.)

मग दाखवायचं काय? काम दाखवा. ते दिसायला रटाळ आहे, हे कबूल. रेशनकार्डात पुन्हा नाव घालणं. शाळेतून जन्मतारखेचा दाखला मिळवणं; वय ठरवताना तो आधी पाहतात. बँकेचं पासबुक. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं भरपाईचा अर्ज. साक्षीच्या दिवशी आरोपीचे नातेवाईक व्हरांड्यात बसलेले असतात, तेव्हा तिला कुठल्या दारानं आत न्यायचं. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच आलंय. अपिलासाठी मुंबईची वारी टळली, हीही मोठीच बातमी आहे.

मार्केट यार्डातले एक गूळ व्यापारी अशाच एका संस्थेच्या कार्यकर्तीला म्हणाले, "ताई, एखादी पोरगी दोन शब्द बोलली तर देणगी जास्त यील की ओ."

ताईंनी अहवालाचं पान पुढं केलं. सुटका किती, हा आकडा त्यात होताच. त्याखाली किती जणींची साक्ष झाली, किती जणींना भरपाई मिळाली, किती जणी शिकतायत, आणि किती जणींशी संपर्क तुटला, तेही होतं. व्यापाऱ्यांचं बोट भरपाईच्या रकान्यावर थांबलं.

"हितं एवढं कमी कसं?"

पुढचा अर्धा तास त्यावरच बोलणं झालं.

(काळ्या पडद्यावर अक्षरं.)

शंका आली तर फोन करा. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीनं पोलीस हवे असतील तर ११२. ठिकाण, गाडीचा नंबर, वेळ सांगा. मुलीचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.