गाठ परत आली, तर आधी सुई

श्रोतेहो, नमस्कार.

दाढी करताना मानेपाशी हात थबकतो. पुन्हा गाठ! लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर कार-टी उपचार होऊन तीन महिनेही झालेले नसतात, त्यासाठी मोडलेले दागिने घरात अजून कुणी विसरलेलं नसतं. असा रुग्ण समोर बसतो, आणि सोबत आलेला मुलगा विचारतो, "डॉक्टर, आता पुढचं औषध कोणतं?"

मी म्हणते, आधी बायोप्सी. तो हिरमुसतो. पुन्हा सुई, पुन्हा आठवडाभर वाट पाहणं. तरीही मी अडून बसते.

कार-टीत रुग्णाच्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढून त्यांना लिम्फोमाच्या पेशीवरची 'सीडी १९' ही खूण ओळखायला शिकवतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेल्या नेक्सकार १९ला ऑक्टोबर २०२३मध्ये परवानगी मिळाली, तेव्हापासून हा उपचार आपल्याकडेही मिळू लागला. पण आक्रमक लिम्फोमात निम्म्याहून अधिक जणांचा आजार त्यानंतरही हटत नाही किंवा उलटतो. कधी कधी वाचलेल्या पेशींनी ती खूणच टाकून दिलेली असते. मग त्याच खुणेवरचं दुसरं औषध देऊन काय साधणार? शिवाय पेट (PET) स्कॅनमध्ये चमकणारी प्रत्येक गाठ लिम्फोमाचीच नसते. क्षयाची गाठही तशीच चमकते, आणि आपल्याकडे क्षय काही दुर्मीळ नाही.

लिम्फोमाच निघाला, तर वाट अजून आहे. ग्लोफिटामॅब, एपकोरिटामॅब ही औषधं एका टोकाने 'सीडी २०' ही वेगळी खूण धरतात आणि दुसऱ्या टोकाने टी पेशीला ओढून शेजारी आणतात. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लोफिटामॅबच्या अभ्यासात, आधी कार-टी घेतलेल्यांपैकीही सुमारे एक तृतीयांश रुग्णांचा आजार तपासणीत पूर्ण दिसेनासा झाला. मला हा आकडा फार मोलाचा वाटतो. ग्लोफिटामॅबचा डोस मात्र अडीच मिलिग्रॅम, मग दहा, मग तीस असा चढवतात, कारण सुरुवातीला ताप आणि रक्तदाब उतरण्याचा धोका असतो. गाठ एकाच जागी असेल तर रेडिएशनचा विचार होतो. निवडक रुग्णांत दात्याच्या मूळपेशींचं प्रत्यारोपणही करतात.

काहींचं शरीर इतकं थकलेलं असतं की आणखी औषध सोसवत नाही. त्यांच्या वेदनेवर, धापेवर नेटाने इलाज करणं हेही आमचंच काम आहे, आणि ते घरच्यांशी मोकळेपणी बोलून ठरवायचं असतं.

तपासायला येताना जुन्या बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, आणि काचपट्ट्या लॅबमधून मागून आणा. नवा तुकडा त्यांच्याशी ताडून पाहावा लागतो.